देव घरी नसताना

दोर वळता वळता मेजानं हातातलं गवत अंगणात भिरकावलं.

“बास झालं, आत्याबाई! शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारून कान गेलं, रताळी खणून कंबर गेली, आन् वर ह्ये दोर! दर साली शाकारायचं, दर साली वळायचं. आमच्या घरावर पत्रं पडणार म्हंजी पडणार!”

“घाल की पत्रं,” चुनह्वा म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. “तुझ्या डोक्यावरचं छप्पर हाय. पर पाणंदीला हात लावू देनार न्हाई.”

एकाच अंगणात दोन घरं. आतल्या घरात लेक तेसू, सून मेजा आणि पोरं. समोरच्या बाहेरच्या घरात एकटी चुनह्वा. चूल वेगळी, हंडी वेगळी. हातपाय चालतात तोवर सासूनं सुनेच्या हातचं खायचं नाही, ही जेजू बेटावरची रीत. भांडण मात्र दोघींचं सामाईक होतं, आणि ते अंगणाच्या मधोमध चालायचं.

गावात सरकारचा नवा हुकूम आला होता. गवताची छपरं उतरवायची, सिमेंटचे पत्रे घालायचे, लाल-निळा रंग द्यायचा. वळणाच्या पाणंदी मोडून सरळ रस्ते करायचे, म्हणजे साहेबाची जीप थेट अंगणात येईल.

चुनह्वाची पाणंद गावरस्त्यापासून दोनदा वळून अंगणात यायची. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे गडगे, दगडांत मुद्दाम ठेवलेल्या फटी. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ते पाठीवर दगड वाहून रचले होते. समुद्रावरचा वारा पहिल्या वळणावर आपटायचा, फटींतून फुटायचा आणि अंगणात येईस्तोवर त्याची रग जिरायची. घरं टेकाडाच्या आडोशाला, बुटकी, दोरांनी आडवी-उभी जखडलेली. नवरा समुद्रात गेला तेव्हा हे घर मागं राहिलं. ते तिच्या जिवापलीकडचं होतं.

गावच्या बैठकीत तिनं हे सांगून पाहिलं. गावप्रमुख यांग हसायलाच लागला.

“मावशी, वारा काय पाव्हणा हाय व्हय, वळणावर दम खायाला?”

सगळी बैठक खदखदली. तिचा लेकही खाली मान घालून हसला. ते तिला फार लागलं. वाऱ्याचं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तिनं देवांना पुढं केलं.

“हसा, हसा. पर गडगा हलवायचा, छप्पर उतरवायचं, तर देव घरी नसताना. थंडीत जुनं द्येव वर जात्यात आन् नवं यायाचं असत्यात, त्या आठवड्यात. भर उन्हाळ्यात घर उघडं कराल तर द्येव सोडनार न्हाईत कुनाला!”

आता कुणी हसलं नाही. त्या आठवड्याखेरीज घराला हात लावायचा नाही, हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं. चुनह्वाही देवांना भ्यायची, नाही असं नाही. पण तिला खरी धास्ती वाऱ्याची होती. थंडीपर्यंत निभावलं तर पुढचं पुढं बघू, एवढाच तिचा हिशेब होता.

यांगनं डोकं खाजवलं. “साहेब भर उन्हाळ्यात, आठव्या महिन्यात येनार. त्यो द्येवांसाठी थांबंल व्हय?”

साहेब थांबला नाही, म्हणून गावही थांबलं नाही. भर उन्हात पाणंद सरळ झाली. गडग्याचे दगड रस्त्यात पुरले गेले. आतल्या घरावर निळे पत्रे चढले आणि मेजानं आनंदानं शेजाऱ्यांना मच्छी वाटली. चुनह्वाचं घर एका बाजूला टेकाडाच्या आड होतं, रस्त्यावरून दिसत नव्हतं, म्हणून तेवढं राहिलं. साहेब आला, फोटो काढून गेला.

सुगीच्या पौर्णिमेच्या सणाच्या तोंडावर वादळ आलं. भर दुपारी आभाळ काळवंडलं आणि वारा सरळ रस्त्यानं जीपसारखा अंगणात घुसला. पत्रे कागदासारखे उडाले. एका पत्र्यानं तेसूचा खांदा फाडला. मेजा पोरांना पोटाशी धरून सासूच्या घरात शिरली, मागोमाग शेजारी, मागोमाग खुद्द यांग बायकोला घेऊन. गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसली. वर दोर करकरत होते, पण एकही गाठ सुटली नाही. चुनह्वा लेकाचा खांदा बांधत होती, सगळ्यांना रताळी वाढत होती, आणि एवढ्या हाहाकारातही तिला मनातून बरं वाटत होतं. आता तरी पोरांना कळेल, असं तिला वाटलं.

वारा पडला तशी मेजा रडत तिच्या पाया पडली.

“आत्याबाई, तुमचंच खरं झालं! देव घरी असताना आमी घर उघडं केलं. त्यांनी सूड घेतला.”

“खरं हाय, खरं हाय,” सगळे म्हणाले.

“अगं द्येव कशाला? वारा!” चुनह्वा ओरडली. “पाणंद सरळ केलीसा म्हून त्यो आत आला! वळण असतं तर...”

“मावशी, आता मोठंपना नगं,” यांगनं हात जोडले. “तुमी बैठकीत बजावलं हुतं, आमीच ऐकलं न्हाई. तुमचं घर उघडलं न्हाई म्हून त्ये वाचलं. आमास्नी कळलं.”

ती घसा कोरडा पडेपर्यंत वारा वारा म्हणत राहिली. म्हातारी सगळ्यांचं मन राखायला बोलतेय, असंच त्यांना वाटलं. गावानं देवरुषिणीला बोलावून मोठी पूजा घातली, डुक्कर कापलं, चुनह्वाला मानानं पुढं बसवलं. नवे पत्रे आले.

थंडीत तो आठवडा उगवला. जुने देव वर गेले, नवे यायचे होते. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तेसू, यांग आणि चार गडी विळे, आकड्या घेऊन चुनह्वाच्या दारात आले.

“आयं, भाईर ये,” तेसू मायेनं म्हणाला. “हुकूम सगळ्या गावाला हाय. पर मी म्हनलं, आईच्या घराला आई सांगंल त्याच येळंला हात लावायचा.”

“माझ्या घराला काय झालंय रं?”

“काय झालं न्हाई, तुझे हात थकलेत. आता दोर वळणार कोन? आन् ह्या टायमाला भ्यायाचं काय? द्येव न्हाईत. तूच सांगितलंस न्हवं?”

चुनह्वानं देवांचा कोप होईल म्हणावं तर देव घरी नव्हते. वाऱ्याचं सांगावं तर ते सांगून झालं होतं. ती बाहेर येऊन कोपऱ्यात उभी राहिली.

गडी वर चढले.

“दोर कापू नगा रं,” ती म्हणाली. “गाठी सोडा. सावकाश सुटत्यात.”

“येळ न्हाई, मावशी!” यांगनं वरनं आवाज दिला. “उद्या नवं द्येव यायाचं, तुमास्नी ठावं हायच की!”

आणि त्यानं पहिल्या दोरावर विळा टाकला.