हौकिसारीची पदवी

शनिवारी सकाळी उल्काने फोन ठेवला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तिकडे कढईत उपम्याचा रवा करपला होता. तिने गॅस बंद केला आणि हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अभय, माझ्या बायोडेटात विद्यापीठाचं नाव कुणी बदललं?"

अभयने पेपर खाली घेतला नाही. "का? काय झालं?"

झालं ते असं. उल्काला वन-नॉर्थमधल्या एका कंपनीत नवी नोकरी मिळाली होती. आंग मो किओतल्या जुन्या कंपनीचा राजीनामा देऊन झाला होता, शेवटचा दिवस येत्या शुक्रवारी. नव्या कंपनीने रिवाजाप्रमाणे पदवी खरी की खोटी ते, ती जिथे शिकली त्या फिनलंडला विचारलं. तिथून एका ओळीचं उत्तर आलं: २००९ साली आमचं विद्यापीठ अस्तित्वात नव्हतं. फिनिश माणूस विचारलं तेवढंच सांगतो, वर एक शब्द खर्च करत नाही. उल्काच्या अर्जासोबत प्रमाणपत्राची प्रत होती, पण ती फिनिशमध्ये. ती वाचायला कोण बसलंय? त्या एका ओळीने उल्का खोटारडी ठरली. नव्या कंपनीच्या एचआरमध्ये चार महिन्यांपूर्वी लागलेल्या ऋचा नावाच्या नागपूरच्या मुलीने हे घाबऱ्या आवाजात कळवलं होतं. सोमवारी दहाला तिच्या साहेबीणबाईंनी, मिस लिमनी, भेटायला बोलावलं होतं.

ही नोकरी गेली की पास गेला, म्हणजे या देशात राहायचा आणि काम करायचा परवाना. अभयची बँकेतली नोकरी गेल्या वर्षी सुटली होती, तेव्हापासून तो आणि मुलगी क्षिप्रा दोघंही उल्काच्याच पासवर होते. जुना पास रद्द झाल्यावर हातात तीस दिवस. मग बुकित पंजांगचा फ्लॅट सोडून तिघांनी पुण्याला परत.

"मी बदललं," अभय शेवटी म्हणाला. "नव्या नावाला रँकिंग आहे. तुझं ते हौकिसारी कोणाच्या बापाला माहीत आहे? आणि त्यात खोटं काय? तीन विद्यापीठांचं एक झालं, त्यातलंच एक तुझं. लग्न झाल्यावर बाई नवं नाव लावते, तसंच."

"लग्नानंतर लावते. शाळेच्या दाखल्यावर मागे जाऊन नाही खोडत."

हौकिसारीचं नाव असं चुटकीसरशी उडवलेलं पाहून तिला त्याच्या हातातला पेपर फाडावासा वाटला. तळ्याकाठचं ते तंत्रविद्यापीठ तिने दोन वर्षं अंगावर वागवलं होतं. लाल विटांच्या इमारती, अकरालाच लागणारी जेवणाची रांग, बटाटे आणि राईचा पाव. वसतिगृहात सौनाच्या, उघड्या अंगाने वाफ घ्यायच्या खोलीच्या, पाळीचा कागद दाराला लावलेला, आणि त्यावर नाव लिहायचं धाडस करायला या पुण्याच्या मुलीला पहिला अख्खा हिवाळा लागला होता. प्रत्येक शाखेच्या पोरांचा ओव्हरऑलसारखा डगला एका रंगाचा. हिचा जांभळा, त्यावर हौसेने शिवलेली ठिगळं. जिवाभावाची मैत्री झाली की डगल्याची एक बाही कापून एकमेकांत बदलायची तिथली रीत. उल्काची डावी बाही पिवळी होती.

मग वरून फर्मान आलं: तंत्रविद्यापीठ, वाणिज्यवाले आणि शिक्षक घडवणारे, तिघांची मोट बांधायची. नाव असं निवडलं की त्यात ना गाव, ना विषय. पोरं उणे पंधरा अंशांत निषेध करत चौकात उभी राहिली, आणि त्यांत उल्काही होती. समजूत घालायला आलेल्या प्राध्यापकाला तिने तोंडावर सांगितलं होतं, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." वर त्याचा अर्थही इंग्रजीत समजावून दिला होता. जून २००९ मध्ये जुन्या नावाची शेवटची पदवी तिने घेतली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पाटी बदलली.

"आता डोकं शांत ठेव," अभय म्हणाला. "फॉर्म कंपनीच्या सिस्टिममध्ये कुणी भरला? त्या ऋचाने. तिने टाइप करताना चुकीचं नाव निवडलं म्हणायचं. पोरगी नवी आहे, फार तर ओरडा बसेल."

"तीही पासवरच आहे, अभय."

"मग? क्षिप्राचा विचार कर. तिची शाळा?"

आपलं नाव ऐकून आतून क्षिप्रा इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "Don't fight, lah."

उल्काचा आवाज चढला. खोटेपणा तू करणार, निस्तरणार मी, आणि बळी जाणार तिसराच, लाज वाटत नाही का, असं बरंच काही ती बोलली. अभयने सगळं ऐकून घेतलं. मग पेपरची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाला, "मी तुला लॅपटॉपवर दाखवलं होतं. इथेच, याच टेबलावर. तू काय म्हणालीस आठवतं?"

तिला आठवत होतं. ती म्हणाली होती, बरं दिसतंय. चहा पीत म्हणाली होती, आणि नंतर खाली सहीही केली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधताना स्वतःचं मुसळ तिने सहा आठवडे सांभाळलं होतं. तिला अभयचा राग आला होता त्याहून कितीतरी जास्त आता स्वतःचा आला.

सोमवारी मिस लिमच्या केबिनमध्ये ऋचा आधीच उभी होती, रडून डोळे लाल झालेले.

"ऋचा म्हणते, तिच्याकडून नाव चुकीचं निवडलं गेलं असावं," मिस लिम इंग्रजीत म्हणाल्या. "तसं असेल तर मामला इथेच मिटतो. तिचा प्रोबेशनचा रिपोर्ट मात्र मला तसाच लिहावा लागेल. तुमचं काय म्हणणं आहे?"

बाहेर पडायची वाट अशी ताटात वाढून समोर आली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. उल्काने ऋचाकडे पाहिलं आणि तिचा संताप झाला.

"जे केलंच नाहीस ते कबूल का करतेस?" ती मराठीत कडाडली.

"मला वाटलं, ताई, माझीच चूक असेल," ऋचा पुटपुटली. "माझीच असते."

उल्का मिस लिमकडे वळली. "हिने टाइप केलं ते माझ्या बायोडेटातलंच. ते माझ्या नवऱ्याने लिहिलं, मी वाचलं, आणि सही केली. माझं विद्यापीठ हौकिसारीचं. ते आता नाही."

मिस लिमनी ऋचाला जायला सांगितलं. मग बराच वेळ फाइल चाळली.

"खोटी माहिती देणाऱ्याच्या पासचा अर्ज मी पाठवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "ऑफर मागे घ्यावी लागेल. एक विचारू? हे केलं कशासाठी? या जागेसाठी आम्ही विद्यापीठ बघितलंच नव्हतं. तुमचं सहा वर्षांचं काम बघून निवडलं होतं. जुनं नाव लिहिलं असतं तरी तुम्हालाच घेतलं असतं."

खाली येऊन तिने अभयला फोन लावला. नोकरी गेल्याचं सांगितलं, आणि विद्यापीठाचं नाव कुणी बघितलंच नव्हतं, हेही सांगितलं.

"माझं नाव घेतलंस?" अभयने विचारलं.

"घेतलं. माझंही घेतलं. क्षिप्राच्या शाळेत दाखल्याचं विचारून ठेव," ती म्हणाली, आणि एमआरटीच्या स्टेशनाकडे चालू लागली.