दोन नंबरच्या रिंगा

त्या रविवारी सकाळी बाबांनी घरातल्या खुर्च्यांची अदलाबदल केली. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे हे ठरलेलंच. खिडकीजवळची खुर्ची भिंतीकडे, भिंतीकडची खिडकीजवळ. पायपुसणं उलट्या टोकाने. गादीची पायाकडची बाजू उशाकडे. कुठलीही वस्तू एकाच अंगाने झिजलेली त्यांना बघवत नसे.

"एक दिवस मलाही फिरवून ठेवतील हे," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

"तुझी दोन्हीकडून सारखीच झीज आहे. तुला हात लावायचं काम नाही."

"ऐकलंस? लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा कौतुक केलं. तेही यंत्राचं करावं तसं."

मुलगी उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. रविवार असला तरी तिची कामाची पाळी होती. ती हसली, पण मान वर न करता. उशीर झाला होता.

बाबांचं अख्खं आयुष्य वीजकेंद्रात गेलं होतं, आणि त्यातलंही बरंचसं एका लोखंडी दाराच्या आत. तिथे जनरेटरच्या फिरत्या शाफ्टवर दोन गुळगुळीत रिंगा बसवलेल्या असतात. जनरेटरने वीज द्यायची तर आधी त्याच्या पोटातल्या चाकाचं चुंबक व्हावं लागतं, आणि त्यासाठी त्यालाच थोडी वीज पाजावी लागते. या रिंगांवर घासणारे कोळशाचे ब्रश ती वीज आत पोचवतात. एवढंच बाबांच्या खात्याचं काम; खात्याचं नाव एक्सायटेशन. मुलीच्या मावशीला ते कधीच कळलं नाही. "म्हणजे वीज तयार करणाऱ्यांना तुम्ही वीज देता? मग तुम्हाला कोण देतं?" असं ती दर भेटीत विचारायची, आणि बाबा दर भेटीत गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "बॅटरी, ताई."

झिजलेला ब्रश यंत्र चालू असतानाच बदलायचा असतो, आणि तो एकाच हाताने. दुसरा हात खिशात. दोन हात चुकून दोन रिंगांकडे गेले तर पुढे सांगायला माणूस उरत नाही. बाबा बाविसाव्या वर्षी कोळशाची पूड पुसायच्या कामाला लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. पण डावा हात काही खिशातून बाहेर आला नाही. भाजी घेताना, फोटो काढून घेताना, डॉक्टरांसमोरसुद्धा तो खिशातच. सगळं केंद्र त्यांना 'एकहाती' म्हणायचं. मुलगी तिथेच, त्याच खात्यात इंजिनिअर झाली तेव्हा तिला कोणी नाव विचारलं नाही. 'एकहातींची' एवढ्यावर भागलं.

"दोन नंबरच्या यंत्राच्या रिंगांचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"होईल हो पुढच्या शटडाऊनला."

"केबल बदलून अडीच वर्षं झाली. ऋण बाजूची रिंग आधी झिजते, माहितेय ना? केबल अदलाबदल करा म्हणावं. एकट्या रिंगने किती झिजायचं?"

"बाबा, तुम्ही रिटायर झालात."

"मी झालो. रिंगा झाल्या नाहीत."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. बाबा दारापर्यंत आले, एक हात खिशात, एक हात चौकटीवर. मग जरा अडखळत म्हणाले, "एक विचारू का गं? खरं सांग. तुला या कामात मीच ढकललं ना?"

आजवर हे त्यांनी कधी थेट विचारलं नव्हतं. एरवी आडून आडून यायचे, आणि ती आडून आडून टोमणा मारायची. आज सरळ प्रश्न आला, आणि बस कोपऱ्यावर दिसत होती.

"ढकललंत म्हणजे? फेकलंत!" ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "नाहीतर आज मी पुस्तकं लिहीत बसले असते. आता ती नवी कादंबरी आलीय ना, तिचे दोन्ही खंड आणा, मग बघू माफ करायचं का."

बाबा हसले. निदान तिला तसं वाटलं.

सोमवारी सकाळी ते पुस्तकाच्या दुकानाकडे गेले. दुकान उघडायला अवकाश होता, म्हणून समोरच्या बाकावर बसले. दुकानदाराने शटर वर करताना त्यांना पाहिलं. डुलकी लागली असेल म्हणून त्याने हाक मारली नाही. हात खिशात होता, मान जराशी कलली होती. अर्ध्या तासाने त्याने चहा पुढे केला तेव्हा त्याला कळलं. खिशातला हात बाहेर काढला, तर मुठीत एक चिठ्ठी होती. तिच्यावर कादंबरीचं नाव, आणि खाली दोनदा रेघ मारून 'दोन्ही खंड'.

ती चिठ्ठी दुकानदाराने आईच्या हाती दिली. आईने वाचली, घडी घातली आणि लेकीकडे सरकवली.

त्या 'ढकलण्या'मागचं खरं मात्र एकट्या लेकीलाच ठाऊक होतं.

बारावीनंतर तिला साहित्य शिकायचं होतं. प्रवेशही मिळाला होता. बाबांनी न विचारता इंजिनिअरिंगचा अर्ज आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुस्तकं घरी वाचता येतात. हे घरी शिकता येत नाही." तिने खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा काही न बोलता तिला केंद्रात घेऊन गेले आणि ते लोखंडी दार उघडलं.

आत रिंगा इतक्या वेगाने फिरत होत्या की थांबल्यासारख्या दिसत होत्या. ब्रशांची ओळ त्यांच्यावर टेकून गुणगुणत होती. एका ब्रशाच्या कडेला निळा ठिपका चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा. बाबांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने तो ब्रश असा काढला, जणू झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा सोडवून घेतायत. नवा बसवला. ठिपका गेला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, कारण ते तिला काही दाखवत नव्हतेच, ते काम करत होते. एवढी पुस्तकं वाचूनही तिला कधी कोणाचं इतकं लक्षपूर्वक केलेलं प्रेम दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने कॉलेजात गेली आणि साहित्याचा प्रवेश स्वतःच्या सहीने रद्द करून आली. कारकुनाने दोनदा विचारलं, "घरच्यांचा दबाव नाही ना?" ती म्हणाली, "नाही." आणि ते खरं होतं.

पण घरी येऊन हे सांगायचं कसं? दोन दिवस दार लावून बसलेल्या मुलीचा चेहरा एका रात्रीत कसा बदलणार? तिने इंजिनिअरिंगच्या अर्जावर सही करून तो टेबलावर ठेवला आणि तोंड फुगवून बसली. बाबांना वाटलं, पोरगी नमली. त्यांनी त्या आठवड्यात तिला पहिलं पुस्तक आणून दिलं. पहिल्या पानावर वाकड्या अक्षरात तारीख आणि 'बाबांकडून'. मग पुढचं. मग दर वाढदिवसाला, दर परीक्षेनंतर, कधी कधी उगाचच. तिच्या लक्षात आलं की बाबांचा चेहरा जरा पडला की पुस्तक येतं. आधी हट्ट होता, मग सोय झाली, मग ती दोघांमधली चेष्टाच झाली. आणि एकदा चेष्टा रुळली की ती मोडून खरं सांगायला कुठला दिवस योग्य? तिला कपाटभर पुस्तकं मिळाली. त्यांना काय मिळत होतं, हे तिने कधी पाहिलं नाही.

आठवड्याने आई कपाट आवरताना म्हणाली, "रविवारी तू गेल्यावर हे मला विचारत बसले. 'खरंच वाकडं केलं का गं मी तिचं आयुष्य?'"

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, पोरगी चेष्टा करते, तुम्ही मनाला लावून घेता."

"आणि?"

"आणि काय? म्हणाले, 'वीस वर्षं एकच चेष्टा कोण करतं?'"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, आणि म्हणाली, "चहा टाकू?"

तीन आठवड्यांनी दोन नंबरचं यंत्र शटडाऊनसाठी बंद झालं.

"आम्ही करतो, मॅडम. तुम्ही या वेळी नका येऊ," फिटर म्हणाला. तो बाबांच्या हाताखाली तयार झालेला. कामावर 'मॅडम' म्हणायचा, एरवी 'पोरी'.

"नको काका. मीच येते. अडीच वर्षं होऊन गेलीत."

"एकहातींचं वाक्य बोललात."

दोन दिवस काम चाललं. कोळशाची पूड पुसली, पुसणाऱ्यांचे चेहरे काळे झाले. रिंगांची झीज मोजली. ऋण बाजूची चांगलीच उतरली होती. बाबांचा अंदाज केसाएवढाही चुकला नव्हता. दोन्ही केबल सोडवल्या, एकीच्या जागी दुसरी बसवली, बोल्ट आवळले. फिटरने खुणेचा रंग लावला आणि उकिडवाच बसून राहिला.

"एक सांगू, पोरी? तू कामाला लागलीस त्या दिवशी एकहातींनी आम्हाला सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, 'हिला इथे यायचं नव्हतं. माझ्यामुळे अडकलीय. जपा रे तिला.' आम्ही आपलं जपत होतो. पण तू कुठे जपू देतेस! पहिल्याच महिन्यात यंत्र ट्रिप केलंस."

ते तिला आठवत होतं. तो दिवसही अशाच अदलाबदलीनंतरचा होता. रिंगांच्या केबल बदलल्या तरी चाकात जुन्या दिशेचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. नवी वीज आत गेली की ती आधी त्या जुन्याला पुसते. म्हणून व्होल्टेज चढायच्या ऐवजी आधी खाली जातं, अगदी शून्यापर्यंत. तिने काटा खाली जाताना पाहिला, घाबरली आणि यंत्र बंद करायचं बटण दाबलं. बाबांनी डोक्याला हात लावला, अर्थात एकच. "दाबलंस? अगं, खाली गेलं म्हणजे बिघडलं असं नाही. दहा मोजायचे. जुनं निघून जायला वेळ लागतो. दहा मोज, आणि मगच घाबर."

तिसऱ्या दिवशी यंत्र फिरायला लागलं. पूर्ण वेग आला. बदलीनंतरची पहिली सुरुवात हाताने, हळूहळू करायची, हा बाबांचा नियम होता. तिने तो पाळला. ती रिंगांच्या लोखंडी दाराजवळ उभी राहिली. कानात कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरचा आवाज होता. ती ऑपरेटर या केंद्रात नव्यानेच आली होती.

"व्होल्टेज दिसतंय, मॅडम. जुनंच, थोडंसं."

"दे बॅटरी."

ब्रशांचा सूर बदलला.

"मॅडम, खाली चाललंय. मॅडम, कमी होतंय! ट्रिप करू?"

"हात लावू नकोस. दहा मोज."

"काय?"

"मोठ्याने मोज."

"एक. दोन. तीन... मॅडम, शून्य झालं. शून्यावर आहे!"

"थांबू नकोस. मोज."

"चार. पाच. सहा." मग मोजणं थांबलं. "मॅडम, हललं. वर येतंय. येतंय वर! सात... आता मोजू का?"

"नको. बघ फक्त. आणि शाबास."

फिटरने दुरूनच अंगठा वर केला आणि पॅनेलकडे निघून गेला. तिने कानातला फोन काढून पिशवीत टाकला. दाराच्या जाळीतून रिंगा दिसत होत्या, थांबल्यासारख्या. कुठल्याही ब्रशाला ठिपका नव्हता. यंत्राचा आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून बोलावं लागलं असतं. शेजारी कोणी नव्हतं.

तिच्या लक्षात आलं की तिचा डावा हात केव्हाचा खिशात आहे, आणि मुठीत ती चिठ्ठी आहे.

वीस वर्षं ज्याला ती चेष्टा म्हणत आली, ते एकाच माणसाला झिजवत होतं.

ती जाळीजवळ सरकली. ओरडली नाही. घरात बोलावं तशाच आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही ढकललं नाहीत. तुम्ही इथे ब्रश बदललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसने गेले आणि तो प्रवेश माझ्या हाताने रद्द केला. कोणी सांगितलं नव्हतं. मला हेच हवं होतं, बाबा. मी माझी मी आले."