मनोऱ्यात अनवाणी

दर रविवारी सकाळी उन्नती लोकांना वसईचा किल्ला पायी फिरवून दाखवायची. राहायला गिरीजमध्ये, वडिलांच्या केळीच्या वाडीत. कॉलेजात असताना स्कूटरवरून पडून तिचा डावा पाय मोडला आणि जुळताना जरा आखूड राहिला. डाव्या बुटात जाड तळ घातला की चालताना फारसं कळत नसे.

हे तिने संकेतला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. स्थळ मामीने आणलेलं. त्याचं घर वसईतच, एव्हरशाईन सिटीत, नोकरी पुण्यात. दोन महिने दोघं रोज बोलत होते. "पायाचं मला काही नाही," तो म्हणाला होता. पुढच्या रविवारी त्याच्या घरचे तिला रीतसर बघायला येणार होते. ती हो म्हणणार होती.

या रविवारच्या घोळक्यात दोघी बहिणी होत्या. आम्ही नालासोपाऱ्याच्या, असं त्यांनी सांगितलं. किल्ल्याच्या जमिनीकडच्या भुई दरवाजातून आत शिरल्यापासून धाकटी फोन हातात धरूनच चालत होती.

"स्वयंपाक कोण करतं गं घरी?" मोठीने विचारलं.

"पोर्तुगीजांच्या की माझ्या?"

सगळे हसले. मोठी हसली नाही.

पडक्या चर्चच्या दारात मोठीने चपला काढल्या. "देवाची जागा. तूही काढ."

"काकू, इथे काचा असतात. कोणी काढत नाही."

"आंटी, आम्ही ख्रिश्चनच नाही काढत," घोळक्यातला लेस्ली म्हणाला.

"तुमचं तुम्ही बघा. मुलीच्या जातीला वळण नको?"

लोक थांबून बघत होते. उन्नतीने वाद घातला नाही. बूट काढून भिंतीपाशी ठेवले आणि आत गेली. प्रत्येक पावलाला तिचा डावा खांदा खाली जात होता.

चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. उन्नती पुढे, मागे दोघी बहिणी, त्यांच्यामागे बाकीचे. दगड कुठून आणले ते ती सांगत होती. मागून पुरुषाचा आवाज आला.

"मावशी, जरा खाली धर ना. पाय दिसत नाहीत."

उन्नतीने तो आवाज रोज रात्री ऐकला होता. ती वळली. धाकटीच्या फोनवर तिच्याच टाचा होत्या आणि कोपऱ्यातल्या चौकटीत संकेत, गळ्यात टॉवेल, हातात चहाचा कप.

ती पुन्हा वर चढू लागली. दगडांची माहिती पुरी केली. वर पोचल्यावर समुद्र कुठल्या बाजूला ते दाखवलं.

मोठी धापा टाकत तिच्याजवळ आली आणि तिचा हात धरला. "मी विनया, संकेतची आई. ही त्याची ज्ञानदा मावशी. नाव लपवलं त्याचा राग मानू नकोस. रीतसर आलो असतो तर तू बसूनच राहिली असतीस, काय कळणार होतं? पण एवढं काही नाही गं. साडीत कळणारसुद्धा नाही. आम्हाला पसंत आहेस."

"सरप्राइज!" फोनमधून संकेत ओरडला.

मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मावशी, फोन द्या जरा," उन्नती म्हणाली. तिने तो सगळ्यांना दिसेल असा धरला. "संकेत, फोन टेबलावर टेकवून ठेव. उभा राहा. आता दारापर्यंत चालून दाखव."

"काय गं, चेष्टा करतेस?"

"नाही. चाल."

तो हसत उठला. हाफ पँटमध्ये दारापर्यंत गेला, परत आला.

"पुन्हा एकदा. हळू. आणि चप्पल काढ."

"उन्नती, लोक बघतायत."

"हो."

दुसऱ्या खेपेला तो हसत नव्हता. लेस्लीने मान फिरवली.

"अगं, हे काय चालवलंयस!" विनया फोनकडे झेपावली. "आम्ही घरी काय सांगायचं?"

"मी कळवते," उन्नती म्हणाली.

फोन परत देण्याआधी तिने संकेत खुर्चीत बसेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. त्याची चाल अगदी सरळ होती.