दोन फायलींतलं 'मोकळं'

शाम्पूच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात सगळी मशिनं एका कंट्रोलरवर चालत आणि कंट्रोलरचा प्रोग्राम दोन फायलींत होता. शाम्पूच्या टाकीची फाईल मामांनी निवृत्त होण्याआधी लिहिलेली, बाटल्या पुढे नेणाऱ्या पट्ट्याची त्यांच्या भाचीने. दोन्हींत 'मोकळं' नावाचं लेबल होतं. लेबल म्हणजे कंट्रोलरच्या मेमरीतल्या एका जागेचं नाव. तिथे 'हो' असतं, नाहीतर 'नाही'. दोघांची लेबलं आपापल्या फाईलपुरती होती. चुली वेगळ्या, त्यामुळे भांडण नव्हतं.

मग मॅनेजर म्हणाले, टाकी रिकामी झाली की पट्टा थांबायला हवा. भाचीने पाहिलं, मामांचं 'मोकळं' हेच तर सांगतं. तिने ते लेबल दोन्ही फायलींना सामाईक केलं, पट्ट्याच्या फाईलीत थांबायची एक ओळ घातली आणि मग ती समाधानाने चहा प्यायली.

सकाळी पट्ट्याला जणू उचकी लागली. वीतभर सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. बाटल्या एकमेकींवर आपटू लागल्या.

"मॅडम, काल तर सरळ चालत होता," ऑपरेटर म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणत.

टाकी तर काठोकाठ भरलेली. तिने वायरी हलवून पाहिल्या, सेन्सर पुसला. टाकीच्या फाईलीत 'मोकळं' दिसे 'नाही', पट्ट्याच्या फाईलीत 'हो'. नाव एक, जागा एक, मग उत्तरं दोन कशी?

"पैलवान, माझं डोकं फिरलंय का?"

"मला काय विचारता? मी तर कधीचा गरगरतोय."

शेवटी तिने मामांना बोलावलं. ते आले, चष्मा लावला आणि स्वतःच्याच फाईलीकडे परक्यासारखे बघत बसले. "हे मी लिहिलंय?"

"तुमचंच आहे, मामा."

अर्धा तास ते ओळींवर बोट फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "तुझ्या लेखी 'मोकळं' म्हणजे काय गं?"

"पुढे जागा मोकळी आहे. बाटली जाऊ दे."

"आणि माझ्या लेखी टाकी रिकामी आहे. सगळं थांबव."

तिने घाईघाईने स्वतःची फाईल उघडली. 'मोकळं' लिहिणाऱ्या आपल्या जुन्या ओळी तिने पुसल्याच नव्हत्या, त्यामुळे आता दोन्ही फायली एकाच जागेत आळीपाळीने लिहीत होत्या. पुढे जागा दिसली की तिचीच फाईल 'हो' लिहायची, आणि तिचीच नवी ओळ ते वाचून पट्टा थांबवायची. मधूनच मामांची फाईल 'नाही' लिहायची, की पट्टा वीतभर पुढे.

त्यांनी नावं बदलली. 'टाकी रिकामी' दोघांचं, पण लिहायचं फक्त टाकीच्या फाईलीने. 'पुढे जागा' तिचं एकटीचं. पट्टा सरळ चालू लागला. पैलवानने टाकी मुद्दाम उपसली, तेव्हा निमूट थांबलाही.

मामा घरी निघाले, तेवढ्यात तिने सहज सगळ्या लेबलांची यादी उघडली. 'झालं' नावाची चार लेबलं निघाली.

"मामा, हे 'झालं' म्हणजे नक्की काय झालं?"

मामांनी पिशवी खाली ठेवली. "थांब. यातलं माझं कुठलं, तेच आठवेना."