मुकुलची कबर कोणती

माझ्या मुलाची कबर दोनपैकी कोणती, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळेपर्यंत मी स्वस्थ बसणार नव्हते, मग पादरीसाहेब रागावोत, कमिटी रागावो, नाहीतर सगळं बनारस रागावो.

मी लीला साळवे. रेल्वेइंजिनांच्या कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होते. आमचे प्रल्हाद त्याच कारखान्यात फिटर. मूळचे आम्ही दोघंही नगरकडचे, चर्चच्या वस्तीत वाढलेले. नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलेच झालो. मुकुल इथेच जन्मला, एकुलता एक. आमच्याशी मराठी बोलायचा, पण भांडायची वेळ आली की हिंदीत शिरायचा. गेल्या वर्षी जूनमध्ये मोहनसरायजवळ ट्रकने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. सव्वीस वर्षांचा होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या नाड्या बघितल्या, आणि माझ्या मुलाची नाडी बघायला मला कोणी बोलावलंसुद्धा नाही. थेट ओळख पटवायलाच बोलावलं.

वरुणा नदीच्या काठी आमचं छोटं कबरस्तान आहे. तिथे त्याला मूठमाती दिली. आमच्यात नवी कबर लगेच पक्की बांधत नाहीत. माती बसायला वर्षभर जाऊ देतात, तोवर डोक्याशी नावाचा लाकडी क्रूस. मुकुलनंतर चार दिवसांनी शेजारच्याच जागेत दाऊद मसीह नावाच्या म्हाताऱ्याने आपल्या बायकोला, शांतीला, ठेवलं. कोपऱ्यात दोन कच्च्या कबरी, दोन क्रूस.

सप्टेंबरमध्ये गंगा चढली, तिने वरुणेला मागे रेटलं, आणि कबरस्तानात अकरा दिवस पाणी उभं राहिलं. ओसरलं तेव्हा जुन्या पक्क्या कबरी जागच्या जागी होत्या. आमच्या कोपऱ्यात मात्र गाळ होता, एकसारखे दोन खळगे होते, आणि क्रूस दोन्ही वाहून गेले होते.

प्रल्हाद म्हणाले, "काळजी करू नकोस, मी मोजून ठेवलंय." माणूस फिटर. मुलाला मातीत ठेवल्यावर सगळे रडत होते तेव्हा यांनी टेप काढून मागच्या भिंतीपासूनचं अंतर खिशातल्या डायरीत टिपलं होतं. त्या वेळी मला त्यांचा संताप आला होता, आता मिठी मारावीशी वाटली. पण पुरात ती भिंतच पडली होती, आणि कबरस्तानाच्या कमिटीने नवी बांधताना ती अंदाजाने थोडी आत घेतली होती. प्रल्हादांनी टेप लावला तर खूण बरोबर दोन खळग्यांच्या मधोमध आली. कबर खोदणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला डावी. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाला उजवी. मोबाइलमधल्या फोटोंत नुसती माणसं, फुलं आणि ती पडलेली भिंत.

मग मला पितळी पट्टी आठवली. मुकुलच्या शवपेटीच्या झाकणावर प्रल्हादांनी स्वतः कोरलेली, नाव आणि तारखा. एक खळगा उकरला की झालं. पादरीसाहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, त्यासाठी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि दोन्ही घरांच्या सह्या. मी म्हटलं, आणते.

कचहरीच्या पाच फेऱ्या झाल्या. तिथला बाबू माझा अर्ज वाचून दर वेळी नव्याने दचकायचा. बनारसमध्ये लोक मेलेल्या माणसाचं काय करायचं ते चटकन करून मोकळे होतात, मेलेल्याला वर काढायला कोणी येत नाही. संकठा घाटावरच्या गल्लीतली माझी मैत्रीण शरदिनी एकदा सोबत आली होती. तिचं घराणं सात पिढ्यांपासून काशीतलं. रिक्षात ती जपून जपून म्हणाली, "लीलाताई, राग नका मानू. आमच्यात एक बरं असतं. राख गंगेत गेली की पता ठेवायची गरजच नाही."

"आमच्यात पता ठेवतात," मी म्हटलं. "आम्ही माणूस जाळून सोडून देत नाही. आम्ही त्याला परत उठण्यासाठी ठेवतो."

तिला टोचून बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण बोलले ते खरं होतं. मला ठाऊक होतं की प्रभू एक दिवस मुकुलला उठवणार. देवावर माझा राग होता, तरी अबोला नव्हता. एवढंच वाटायचं, की तो दिवस येईपर्यंत आईला नीट जागा तरी माहीत हवी. परक्या बाईच्या कबरीवर फुलं ठेवून घरी यायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. त्यामुळे पुरानंतर मी तिथे फुलं नेलीच नव्हती. गेले ते फक्त टेप घेऊन.

उरली दाऊद मसीहची सही. तो एका शाळेतला निवृत्त माळी, वरुणेच्या पुलापलीकडे एका खोलीत एकटाच राहायचा. मी कागद पुढे केला. त्याने चष्मा लावला, सावकाश वाचला आणि परत दिला.

"नहीं, सिस्टर. ये हमसे नहीं होगा."

मी समजावलं. पट्टीचं सांगितलं, एकदाच उघडायचं म्हटलं, खर्च आमचा म्हटलं. तो मान हलवत राहिला. शेवटी माझी जीभ सुटली. "ठीक है," मी म्हटलं, "फिर मैं कोई भी एक चुन लूँगी और पत्थर लगा दूँगी. आपकी घरवाली के ऊपर लग गया तो आप जानिए."

त्याने दार लोटून घेतलं, तेही हळूच. घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा प्रल्हाद म्हणाले, "लीला, हे तू बोलायला नको होतंस." आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात त्यांनी मला असं तीनदा म्हटलं असेल. मी जेवले नाही, आणि माफीही मागितली नाही.

पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण होता. इस्टरला आठ दिवस उरले होते. उपासना संपल्यावर प्रल्हादांना घरी पाठवून मी एकटीच कबरस्तानात गेले. मनाशी ठरवलं होतं, एक कबर निवडायची, वीट ठेवायची आणि विषय संपवायचा. जो गोंधळ पुराने घातला तो मी निस्तरणार, कोणाच्या परवानगीवाचून.

तिथे दाऊद मसीह आधीच होता. हातात झारी. मी शेवटची टेप घेऊन आले होते त्याला काही महिने झाले होते, आणि दोन्ही खळगे आता खळगे नव्हते. त्याने माती आणून भरली होती, वर दूब, म्हणजे हरळी, लावली होती, कडेने झेंडूची रोपं होती. मी फाटकाजवळ थांबले. त्याने डाव्या कबरीला पाणी घातलं, आणि सहज, शेजारच्या मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "मुकुल बेटा. शांति." मग उजवीकडे गेला, पाणी घातलं, पुन्हा तेच. "मुकुल बेटा. शांति."

मी पुढे गेले. विचारलं, हे कधीपासून.

"पानी उतरा तब से. हर इतवार." त्याने झारी खाली ठेवली. "पता तो चलता नहीं कौन किधर है. तो दोनों तरफ़ दोनों का नाम ले लेता हूँ. एक का तो सही लगेगा."

मला लाज वाटली. इतकी की खाली बसले, तिथेच, मातीत. सहा महिने मी कचहरीत आणि कमिटीत मुलासाठी भांडत होते, आणि माझ्या मुलाला पाणी घालणारा, बेटा म्हणणारा हा होता, ज्याला मी दारात उभं राहून धमकी दिली होती.

तोही जरा लांब, गुडघे धरत बसला. म्हणाला, "सिस्टर, एक बात पूछूँ? लड़का कैसा था? दुआ में रोज़ नाम लेता हूँ, पर पहचान तो है नहीं."

दहा महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, कसं झालं, कुठे झालं, ट्रकवाला सापडला का. मुकुल कसा होता, हे ज्यांना माहीत होतं ते विचारत नव्हते आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना काय पडलं होतं. मी सांगायला लागले. सांगितलं की आळशी होता. की भात सोडून काही आवडायचं नाही, आणि बनारसच्या पोरासारखा कचौरीसाठी मात्र सकाळी सहाला उठायचा. की चर्चमध्ये तबला वाजवायचा आणि लय वाढवत न्यायचा, मग म्हाताऱ्या बायका मागे राहायच्या. की शेवटच्या दिवशी तो निघाला तेव्हा मी त्याला ओल्या टॉवेलवरून बोलले होते, हेल्मेटवरून बोलायचं राहून गेलं होतं. हे शेवटचं मी प्रल्हादांनाही सांगितलं नव्हतं.

तो ऐकत राहिला. मग आपल्या शांतीबद्दल बोलला. बेचाळीस वर्षं गंगेच्या गावात राहिली, पण पाण्याला इतकी भ्यायची की कधी नावेत बसली नाही. पलीकडच्या तीरावर जायचं झालं तर पुलावरून, डोळे मिटून, त्याचा दंड धरून.

"ग्यारह दिन पानी के नीचे रही," तो म्हणाला. "मैं बाहर सड़क पर खड़ा रहता था, और क्या करता. अब सूखी है. अब उसको कोई न छेड़े, सिस्टर. मुझे मालूम है वो प्रभु के पास है, डर वहाँ नहीं है. फिर भी."

फिर भी. हे दोन शब्द मला कळले, कारण माझा सगळा अर्जच त्या दोन शब्दांवर उभा होता. मी एकतीस वर्षं दवाखान्यात काढली. दहा महिन्यांनी, त्यात पुरानंतर, पेटी उघडली तर काय दिसेल हे मला त्या बाबूपेक्षा, पादरीसाहेबांपेक्षा जास्त माहीत होतं. मी स्वतःला ते दिसू दिलं नव्हतं. मी पट्टी पट्टी करत होते आणि पट्टीखाली काय आहे त्याकडे पाठ फिरवून बसले होते. तिथे मुकुल नव्हता. मुकुल ज्याच्या हाती होता, त्याला पितळी पट्टी वाचायची गरज नव्हती. हे मी लहानपणापासून म्हणत आले होते, पेशंटच्या खाटेशी बसलेल्या नातेवाइकांना शंभरदा सांगितलं होतं. स्वतःसाठी ते खरं मानायला मला त्या मातीत बसावं लागलं.

"त्या दिवशी मी जे बोलले," मी मराठीतच सुरू केलं, मग हिंदीत वळले, "वो मुझे नहीं कहना था. माफ़ कीजिए."

"पानी भर लाइए," तो म्हणाला, आणि झारी माझ्याकडे सरकवली.

घरी जाऊन मी प्रल्हादांना म्हटलं, अर्ज मागे घेऊ या. ते पंख्याखाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. त्यांनाही ते उघडायला नको होतं. माझ्यापुढे बोलायचं धाडस होत नव्हतं, आणि यात चूक माझीच होती.

पण भांडण सोडणं हा माझा स्वभाव नाही. कमिटीपुढे मी नवा अर्ज टाकला: दोन्ही कबरींवर मिळून एकच चौथरा, एकच दगड, त्यावर दोन नावं. सेक्रेटरी म्हणाले, असा नियम नाही, नात्याची नसलेली माणसं एका दगडाखाली कशी. मी म्हटलं, नातं आम्ही लावलंय, तुम्ही नियम लावा. दाऊद मसीह माझ्या शेजारी बसला होता, त्याने या वेळी न वाचताच सही केली. निर्णय जूनवर ढकलला गेला. जूनमध्ये मी पुन्हा जाणार आहे, आणि त्यांना ते माहीत आहे.

इस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते. सूर्य वर येण्याआधी, त्या वर्षात गेलेल्यांची माणसं आपापल्या कबरीशी उभी राहतात. पादरीसाहेब खूण करतात, घरचं कोणीतरी मोठ्याने नाव घेतं, आणि सगळे उत्तर देतात, "प्रभु में जीवित है." गेले काही महिने मला या पहाटेचीच धास्ती होती, की मी कुठे उभी राहू. आता मी आणि प्रल्हाद एका कबरीशी होतो, दाऊद मसीह दुसऱ्या. कोणती कोणाची, आम्ही ठरवलं नव्हतं.

पादरीसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, शब्द आला नाही. प्रल्हाद जमिनीकडे बघत होते. तेव्हा पलीकडून म्हाताऱ्याने नाव घेतलं, "मुकुल साळवे." मंडळीने उत्तर दिलं. मग त्याच्या बायकोचा क्रम आला, आणि मी वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशा माझ्या आवाजात म्हटलं, "शांति मसीह." मंडळीने उत्तर दिलं. दाऊदने डोळे पुसले.

इथे खरं तर आमचं झालं होतं. पादरीसाहेब पुढच्या कबरीकडे वळलेसुद्धा. पण माझा गळा आता मोकळा झाला होता, आणि माझ्या मुलाचं नाव माझ्या तोंडून निघायचं राहिलं होतं. सव्वीस वर्षं रोज सकाळी घ्यायचे तसंच ते निघालं.

"मुकुल," मी म्हटलं, "ऊठ रे. उजाडलं."

मंडळी क्षणभर गोंधळली, कारण नेम फक्त नावाचा होता. सर्वांत आधी प्रल्हादांनी उत्तर दिलं, मग सगळ्यांनी.