पटक्याचा राखणदार

मोटारी आल्या आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायची लदेणी बसली. शेवटचा बैल वसमतच्या बाजारात विकून आल्यापासून रतनसिंग साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावर भिंतीकडं तोंड करून पडला होता. बायको मिराबाईनं ताट पुढं ठेवलं की म्हणायचा, "भूक न्हाई."

शेवटी वैतागून तिनं कुत्रीचं काळं पिल्लू त्याच्या बाजेवर सोडलं. पिल्लानं थेट पटक्याचा सोगा धरला अन् अंगणात धूम ठोकली.

"ए, सोड की रं!"

म्हातारा मागं धावला. हा इकडून ओढतोय, पिल्लू तिकडून. अख्खा पटका उलगडला, तसा रतनसिंग धापा टाकत खाली बसला आणि पोट धरून हसला. दमलेलं पिल्लू पटक्याच्या ढिगावर बसलं.

तेवढ्यात गावचे व्यंकटराव पाटील आले. धुळीतला पटका उचलायला वाकले, तर तांब्याएवढं ते पिल्लू दात काढून गुरगुरलं. पाटील मागं सरकले.

रतनसिंगचं हसू थांबलं. लदेणीवर बाप गोण्यांच्या थप्पीवर पटका टाकून खुशाल बाजारात जायचा. मग कुत्रं कुणाला जवळ फिरकू देत नसे. आणि ह्या पिल्लानं तर गोणीही पाहिली नव्हती!

"उघड्या डोक्यानं काहून बसला, रतनसिंग? घे की बांधून."

पाटलासमोर जन्मात उघड्या डोक्यानं न आलेल्या रतनसिंगनं छाती काढली.

"कामावर हाय त्यो, पाटील. उठवू कसा?" आणि घराकडं वळून ओरडला, "मिरा, भाकर आण! आधी राखणदाराला, मंग मला."