शेंदराखालचं लोखंड

हसनाबादच्या रखमाजी आबांच्या पुंजारामानं जिवंतपणी एक ससासुद्धा मारला नव्हता. मेल्यावर मात्र दर साली त्याच्या हातून माणसं पडायला लागली. पहिल्या साली आबांनी पारावर सांगितलं, पोरानं दोन रझाकार लोळवले. दुसऱ्या दसऱ्याला दोनाचे पाच झाले. तिसऱ्या साली एक अख्खी जीप पूर्णेच्या पात्रात उलटली. चौथ्या साली तर पुंजारामाची गोळी बाभळीच्या खोडातून आरपार जाऊन पलीकडं बसलेल्या सुभेदाराच्या हुक्क्याला लागली, आणि तो हुक्का म्हणे पुढं तासभर आपला आपण गुडगुडत राहिला.

ऐकणारे हसायचे, आबाही हसायचे. पण पोरगा कसा गेला ते आबांना ठाऊक नव्हतं, आणि ती मोकळी जागा त्यांना बघवत नव्हती. म्हणून ते तिथं रोज काहीतरी नेऊन ठेवायचे.

ठाऊक होतं ते एवढंच. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला पुंजाराम शीव ओलांडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचा सोबती बद्रीनाथ धोतरात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी वढ्यात सापडला, आबा. हातात हे व्हतं." एवढं बोलून तो जो खाली बसला तो दिवसभर उठला नाही.

पुंजारामाची आई द्वारकाबाई. त्यांनी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घेतलं, देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं आणि त्याला तेल-शेंदूर लावला. मग दर अवसेला नवा शेंदूर. सहा वर्षांत त्या लोखंडाला ना नळी राहिली ना मूठ. लांबट, लालभडक, मनगटाएवढा जाड देव झाला. नवखा पाहुणा हात जोडून विचारायचा, "हा कुठला म्हसोबा म्हनायचा?" द्वारकाबाई म्हणायच्या, "आमच्या घरचा." त्याला निवद दाखवल्याशिवाय त्या घास तोंडात घालत नसत. पोरगा गेल्यावर पंधरा दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या. जेवू लागल्या त्या या देवाचा प्रसाद म्हणून. ते देवघरातून हललं तर बाई पुन्हा ताट लोटणार, हे आबांना पक्कं माहीत होतं.

आणि चोपन्न साली दवंडी आली. ज्याच्या घरी बिगरलायसनचं हत्यार असेल त्यानं भोकरदनला तहसिलात दाखवावं. आबांना गप्प बसता आलं असतं. पण सगळ्या तालुक्यात त्या रिव्हॉल्व्हरचा डंका त्यांनी स्वतःच पिटला होता, आता लपवणार काय आणि कुठं? तहसिलातला कारकून भला होता. म्हणाला, "जालन्याच्या कारागिराकडून लिहून आना. बनावट कोनती, नंबर काय, किंमत काय, अन् चालू हाय का बंद. बंद असलं तर खुशाल घरी ठेवा. चालू असलं तर सरकारजमा."

"बंद?" आबांची मान ताठ झाली. "अहो, त्या गोळीनं हुक्का..."

द्वारकाबाईंनी मागून असा चिमटा काढला, की हुक्का तिथंच विझला.

जालन्याला हबीबमियाँचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, दाराशी एक पायरी. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकले होते, आणि हे ते समोरच्याला बसायच्या आत सांगत. धडुतं सोडल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"क्या पाटील, ये क्या लाए? हनुमानजी?"

"रिव्हाल्वर हाय," आबा म्हणाले.

"होगा. मेरे दादा के पास एक आदमी तोप लाया था, बोला लोटा है." हबीबमियाँनी तो लाल गोळा हातात तोलला. "शेंदूर काढावा लागंल. नंबर शेंदराच्या आत हाय."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. पण देवाच्या अंगावरचा शेंदूर जड झाला की कवच सुटतं, हे त्यांना माहीत होतं. सुटलेलं कवच नदीत सोडतात आणि देव पुन्हा नवा होतो. "काढा," त्या म्हणाल्या, "पन एक कपची पायदळी जाऊ देऊ नका. म्या शहागडला गंगंत सोडनार हाय." पदर पसरून त्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसल्या. उघडं लोखंड त्यांना बघायचं नव्हतं.

हबीबमियाँ घासलेटच्या चिंधीनं आणि लाकडी चाकूनं एकेक पापुद्रा सोडवू लागले. कपच्या आबांच्या ओंजळीत, ओंजळ द्वारकाबाईंच्या पदरात. हळूहळू नळी वर आली, मग घोडा, मग मूठ. मुठीच्या बुडाला एक कडी निघाली.

"ये कडी देखी? डोरी बांधायची, सवाराच्या हातून पडू नये म्हनून. फौजी माल." अंगठ्यानं पुसून त्यांनी बारीक बाणाचा छाप दाखवला. "विलायती. गोऱ्यांची छावनी होती ना इथं, तवाचं. साहेब लोकांच्या कमरेचं. कुठून मिळालं?"

"छावनीच्या म्हाताऱ्या जमादाराकडून घेतलं होतं पोरासाठी."

"चीज लिया पाटील." त्यांनी नंबर कागदावर उतरवला, कडेची खिट्टी दाबली, आणि रिव्हॉल्व्हर कमरेत मोडून उघडलं.

सहा पितळी बुडं त्यांच्याकडं बघत होती.

हबीबमियाँनी अशी उडी मारली, की त्यांची टोपी आढ्याला लागून परत डोक्यावर बसली. निदान आबांच्या तोंडून ऐकलं तर तुम्हाला असंच कळेल. खरं म्हणजे ते नुसते उठून उभे राहिले.

"भरा हुआ! सहा साल ह्याच्यासमोर कापूर पेटवून राह्यले तुम्ही?"

"दोन टायमाला," द्वारकाबाई पायरीवरून म्हणाल्या.

काडतुसं बाहेर काढून त्यांनी फडक्यावर मांडली. रिकामी चक्री फिरवली, घोडा ओढला, सोडला. नळी उजेडाकडं धरून एक डोळा मिटला, आणि गालातल्या गालात हसले. "आतले पेच बघा, कालच काढल्यावानी. शेंदरानं अन् तेलानं गंज शिवू दिला न्हाई. अव्वल माल, पाटील. बिलकुल चालू. बाजारात दीडशे कलदार कुठं गेले न्हाईत."

"म्हंजे सरकारजमा," आबा पुटपुटले.

"घाबरू नका. घोड्याची चोच घासून टाकतो. चोचीबिगर घोडा काडतुसाच्या टोपीवर ठोका देऊच शकत न्हाई. मंग बंद असं बराबर लिहून देईन. पन किंमत भंगाराची होईल."

आबांनी श्वास सोडला. देव घरी जाणार होता. "घासा," ते म्हणाले.

हबीबमियाँनी कानस शोधता शोधता फडक्यावरचं एक काडतूस उचललं आणि ते थांबले. दुसरं उचललं. तिसरं. सगळी बुडं उजेडात धरली.

"चला है," ते हळू म्हणाले.

"काय?"

"चाप ओढला हाय. हे बघा, टोपीवर घोड्याच्या चोचीचा खड्डा. ह्याच्यावर, ह्याच्यावर, समद्यांवर. अन् ह्या एकावर दोन." त्यांनी ते काडतूस आबांच्या तळहातावर ठेवलं. "एक बी फुटलं न्हाई. समोर दुश्मन, अन् नुसती कट कट. भागनेवाला एक दफा दबाता, फेंक के भागता. तुमच्या पोरानं अख्खा फेरा फिरवला, अन् परत पहिल्यापासून सुरू केलं."

आबांनी तळहातावरचे ते दोन खड्डे बोटानं चाचपले. इतकी वर्षं त्यांनी पोराच्या हातून इतके पाडले, पण असलं काही त्यांना सुचलं नव्हतं.

हबीबमियाँनी दोन पकडी घेऊन एका काडतुसाची गोळी उपटली आणि आतला ऐवज कागदावर ठोकला. दारू सळसळून पडायला हवी होती. पडला तो तपकिरी, चिकट गोळा. त्यांनी तो नाकाशी नेला.

"तीळ का तेल?" ते आबांच्या कानाशी बोलले. "वरून लावलेलं इतकं आत शिरत न्हाई. बुडवून ठेवलं होतं का कुनी? तेल म्हंजे काडतुसाला जहर."

आबांच्या डोळ्यांपुढं सत्तेचाळीसचं नवरात्र उभं राहिलं. घटाशेजारी अखंड समई, आणि समईखाली पितळेच्या वाटीत, तिळाच्या तेलात बुडालेली सहा काडतुसं. नऊ दिवस. "लोखंडाला तेल देत्यात, मंग ह्यांना नको व्हय?" द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. "देवीच्या दिव्याखालचं तेल पिऊन जातील. माह्या लेकाचा नेम चुकायचा न्हाई." दसऱ्याला त्यांनी स्वतः ती पुसून, कुंकू लावून, पुंजारामाच्या हातात दिली होती.

पायरीवर हालचाल झाली. पदराची गाठ मारून द्वारकाबाई आत आल्या होत्या.

"चालू हाय म्हनले ना हे?" त्यांनी उघड्या लोखंडाकडं बोट केलं. "म्या ऐकलं. बिलकुल चालू. मंग माह्या लेकाच्या हातात का न्हाई चाललं? काय निघालं त्यात?"

हबीबमियाँनी तोंड उघडलं. आबांनी त्यांच्याकडं एकदाच बघितलं.

"काडतुसं जुनी व्हती," आबा म्हणाले. "म्याच जुनी घेतली."

"जुनी कशानं? सीलबंद डबी आनली म्हनले व्हते. माह्या हातातलं कडं दिलं तिच्यापायी."

आबांना थापा मारायची सवय होती. कडं खरोखर त्या डबीसाठीच गेलं होतं.

"कडं पत्त्यात गेलं," ते म्हणाले. "जालन्यात उतरलो अन् डावाला बसलो. जमादार म्हनला, नवी घ्या. हातात काय उरलं न्हाई. मंग त्याच्या पडवीत पडलेली घेतली, पावसात भिजलेली. डबी दुसऱ्याच काडतुसांची व्हती, तीत भरली. तुला वाटलं नवी हाय. वाटू दिलं."

द्वारकाबाईंनी कारागिराकडं बघितलं.

"हां अम्मा," हबीबमियाँ म्हणाले. त्यांच्या हातातली चिंधी त्या तेलकट गोळ्यावर पडली होती. "दारू पानी खाऊन मेली होती. तुमच्या पोराची गलती न्हाई."

बाई रडल्या नाहीत. आबांकडं बघत एवढंच म्हणाल्या, "पत्त्यात?" पुन्हा म्हणाल्या, "पत्त्यात." आणि जाऊन पायरीवर बसल्या.

कानस चालू झाली. मग मान वर न करता हबीबमियाँ म्हणाले, "माझा बी एक पोरगा गेला, त्याच साली. कुनाच्या गोळीनं, पुसलं न्हाई म्या." त्यांनी कागद लिहिला, सही केली, मजुरीला हात लावला नाही.

मोटारीत द्वारकाबाई बायकांच्या बाकावर बसल्या. मांडीवर रिव्हॉल्व्हर, कमरेला कवचाची गाठ. आबा मागं उभे होते. शेजारी जागा होती, पण त्यांना कुणी बोलावलं नाही.

गावात आबांची गोष्ट बदलली. जीप गेली, सुभेदार गेला. आता ते पारावर आपल्या पत्त्यांचा डाव सांगायचे. राणी कशी हुकली, जमादार किती विनवत होता, पडवीतल्या काडतुसांना कशी बुरशी चढली होती. उद्या कुणी शहाणा द्वारकाबाईंच्या कानाशी तेलाचं बोलू नये, म्हणून ही गोष्ट गावभर घट्ट बसवायला हवी होती. आणि गोष्ट घट्ट बसवणं हा तर आबांचा हातखंडा. महिन्याभरात पोरंसोरंही म्हणू लागली, म्हाताऱ्यानं जुगारापायी लेक मारला. पारावर आबा आले की एक-दोघं उठून जायचे. आबा उरलेल्यांना सांगत राहायचे.

देवघरात नवा शेंदूर चढला. द्वारकाबाई जेवत होत्या, आबांना ताटही वाढत होत्या. पण त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. त्यांना काही सांगायचं असलं, की देवघराकडं तोंड करायच्या.

"पुंज्या, तुह्या बापाला सांग, मीठ सरलं."

आबा ओसरीवरून म्हणायचे, "सांग तुह्या मायला, बाजारादिशी आनतो."

"त्यांना म्हनावं, बाजार कालच झाला."

मग आबा उठायचे, पिशवी काखेत मारायचे. "मायला म्हनावं, भोकरदनला जाऊन येतो," ते देवघराकडं बघत म्हणायचे, आणि उत्तर यायची वाट बघत उंबऱ्याशी थोडं थांबायचे.